अर्धी पुसलेली सायकल

साबणाच्या कारखान्याच्या सायकल स्टँडवर जे राखणदार होते, त्यांना सगळे फडकंनाना म्हणत. एक फडकं खांद्यावर, एक खिशात आणि खुर्चीवर अंथरायला तिसरं. तिन्हींची गल्लत झाली की नानांचा अख्खा दिवस नासायचा. नव्यानं लागलेल्या कामगारांना ते त्यांचं आडनावच वाटायचं आणि नानांनीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. नावगाव विचारणारा माणूस लगेच हात पुढे करतो, आणि परक्याचा ओलसर हात हातात घेणं नानांच्या जिवावर यायचं.

नाना बहुधा नाक मुरडूनच जन्माला आले असावेत. सहा भावंडांत सगळ्यांत धाकटे. आई एकाच रुमालानं सगळ्यांची नाकं पुसायची आणि नानांची पाळी शेवटची. तेव्हापासून जी शिसारी बसली ती बसली. न्हाणीच्या जाळीत अडकलेला केस, दुसऱ्याच्या बुडानं ऊबदार झालेली खुर्ची, कुणाच्या ओठाच्या कोपऱ्यात साचलेला पांढरा फेस, एवढ्यानंही ते तोंडाला फडकं लावायचे. कारखान्यात लागले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना चरबीखात्यात घातलं होतं. तिथे मोठाल्या टाक्यांत जनावरांची चरबी उकळायची आणि तिचा वास केसांच्या मुळात जाऊन बसायचा. नाना जेवणाच्या सुट्टीपर्यंत तग धरून राहिले आणि मग थेट मुकादमाच्या बुटांवर ओकले. मुकादम म्हणाला, "याला कुठेतरी उघड्यावर बसवा रे बाबांनो, नाहीतर हा आपल्यालाही ओकायला लावेल." असे नाना सायकल स्टँडवर आले आणि तिथेच म्हातारे व्हायला लागले.

पण उघड्यावर बसून किळस टळते थोडीच! कारखान्याच्या आवारात चरबीची पिंपं उतरायची, त्यांतली दोनचार कायम गळकी. ती चरबी जमिनीवर पसरायची, बॉयलरची राख तिच्यावर बसायची, आणि त्या राड्यातून शेकडो सायकली रोज ये-जा करायच्या. नानांना सायकलीतलं बाकी काही दिसायचं नाही, दिसायची फक्त चाकाची रिम. तिच्या दोन्ही अंगांना जो पट्टा असतो, जिथे ब्रेकचे रबर येऊन घासतात, तिथे त्या सगळ्या घाणीचा लेप चढायचा. चरबी, राख, रबराचा झिजलेला भुगा, रिमच्याच धातूची पूड आणि वाटेत कुत्र्यांनी जे काय केलं असेल ते. उन्हात तो लेप मऊ पडून चकाकायचा. थंडीत घट्ट व्हायचा आणि त्याच्या गुंडाळ्या कडेला लोंबायच्या, अगदी नाकातून काढल्यासारख्या.

"साबण करणारी माणसं ही," नाना घरी येऊन म्हणायचे. "सगळ्या जगाला आंघोळ घालतात आणि स्वतःच्या सायकलीला पाणी दाखवत नाहीत."

अशा रिमवर ब्रेक काय लागणार? रबर नुसते घसरत राहायचे. कारखान्याच्या गेटसमोर चांगलाच उतार होता आणि उताराच्या तळाशी लोखंडी फाटक. कामगारांनी त्यावर आपापला तोडगा काढला होता. दोन्ही ब्रेक पार मुठीत आवळायचे आणि वर दोन्ही पाय रस्त्यावर फरफटत न्यायचे. सकाळच्या पाळीला सगळा उतार बुटांच्या खरखराटानं भरून जायचा. स्वतः नानांकडे सायकल नव्हती. ते चालत यायचे, तेही रस्त्याच्या कडेनं, चिखल अंगावर उडू नये म्हणून.

अशा माणसाच्या घरात जावई राहायला आला.

लेक आणि जावई भाड्याच्या खोलीत राहत होते. त्या खोलीचं छत एका दुपारी खाली आलं. नशीब, दोघंही कामावर होते. दुसरी जागा मिळेपर्यंत ती दोघं नानांकडे आली. जावई चरबीखात्यातच कामाला. माणूस तसा लाख होता, अंगानं भरलेला, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नानांच्या डोळ्यांना त्याचं लाखमोलाचं काही दिसेना. दिसायचं ते एवढंच की हा उघड्या तोंडानं चावतो. जेवण झालं की बोटं चाटतो, मग बोटांच्या मधल्या जागा चाटतो. दोरीवरचा जो हाताला लागेल तो टॉवेल ओढून तोंड पुसतो. एकदा नानांना खिडकीत त्याच्या पायाच्या नखांचे तुकडे सापडले, ओळीनं ठेवलेले. फेकायचं विसरला असणार. नानांनी कागदानं उचलून टाकले आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आपला दात घासायचा ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात कुलपात ठेवायला लागले.

"अहो, जावई आहे," नानी दबक्या आवाजात म्हणायची. "जरा तोंड आवरा."

"मी बोललोय का काही?"

"तोंडानं नाही बोलत. नाकानं बोलता ना!"

आणि त्याची ती सायकल! जागा नव्हती म्हणून ती घराच्या बोळात उभी असायची, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला टेकून. सगळ्या कारखान्यात तिच्याइतकी ओंगळ सायकल नव्हती. चरबीखात्याच्या दारातच ती दिवसभर उभी राहायची, त्यामुळे स्टँडवरच्या सायकलींना जे वाटून मिळायचं ते हिला सगळं एकटीला मिळायचं. बोळाच्या पांढऱ्या भिंतीवर तिच्या चाकांनी दोन काळे अर्धगोल काढले होते. नाना पाणी प्यायला जायचे तेव्हा अंग चोरून, श्वास रोखून जायचे.

त्यात लेकीचं आणि जावयाचं वाजलं. लेक एका लाँड्रीत इस्त्री करायची. कधी काम उरलं तर घरी आणायची. जावई एका संध्याकाळी आला आणि गिऱ्हाइकाचा पांढराशुभ्र शर्ट खुर्चीवरून खाली सरकतोय असं बघून त्यानं झटकन सावरला. मदत करायला गेला बिचारा. शर्टाच्या पाठीवर पाची बोटं उमटली, चरबीची आणि काळी. लेकीला लाँड्रीच्या मालकिणीचं वाट्टेल ते ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवसापासून ती आईजवळ झोपायला लागली आणि जावयाशी बोलणं बंद. जावई गुपचूप यायचा, गुपचूप जायचा. चाटण्याचा आवाज तेवढा चालू होता.

एके दिवशी सकाळी नाना उठले. घरात सगळे झोपलेले. ते पिंपाशी गेले, पेला बुडवला, तोंडाला लावला, आणि ओठाला काहीतरी चिकट लागलं. पेला उचलताना तो सायकलीच्या चाकाला घासला होता. नानांनी बोटानं ओठ पुसला. बोट काळं. वासही तोच, पहिल्या दिवशीच्या टाकीचा. नाना परसात धावले आणि नळाखाली तोंड धरून इतक्या चुळा भरल्या की घसा खवखवायला लागला.

मग ते आत आले. कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, भांडी घासायची नवी घासणी घेतली, जुन्या चादरीचे तुकडे फाडले आणि सायकल उचलून परसात नेली. तिला उलटी करून सीटवर उभी केली.

पुढचं चाक घेतलं. आधी कोरड्या फडक्यानं जाड थर ओढून काढला. तो निघता निघेना, फडक्याबरोबर तारा सोडत यायचा. नानांनी मान फिरवली आणि तोंडानं श्वास घेत काम चालू ठेवलं. मग स्पिरिट लावलेलं फडकं रिमवर दाबून धरायचं आणि चाक हळूहळू फिरवायचं. फडकं काळं झालं, दुसरं घेतलं, तेही काळं. खाली धातूवर जे घट्ट बसलं होतं ते घासणीनं घासलं. ब्रेकचे रबर तपासले तर तेही काचेसारखे गुळगुळीत झालेले आणि त्यांच्यात धातूचे कण रुतून बसलेले. ते त्यांनी नानीच्या सुईनं टोकरून काढले, रबरांना पॉलिशपेपर मारला. प्रत्येक वेळी वाटायचं की आता उलटी होणार, पण एकदा धरलेलं सोडवेना. शेवटी चाक फिरवलं तेव्हा रिमचा पट्टा लखलखीत झाला होता. ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं, मध्येच वाक्य तोडल्यासारखं.

एवढ्यात घरातून जावयाचा खोकला ऐकू आला. सकाळचा त्याचा खोकला म्हणजे एक सोहळाच असायचा, आणि तो संपला की जावई थेट परसात यायचा. नानांनी घाईघाईनं सायकल सुलटी केली, बोळात नेऊन टेकवली, काळी फडकी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी कोंबली. मागचं चाक तसंच राहिलं. संध्याकाळी बघू, त्यांनी स्वतःशी म्हटलं. जावयाला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सांगणार काय? 'तुमची सायकल बघून मला मळमळतं, म्हणून पुसली' असं जावयाला सांगतात होय?

स्टँड लवकर उघडायचा असायचा, म्हणून नाना पुढे निघून गेले.

पहिला भोंगा झाला आणि उतारावर नेहमीचा खरखराट सुरू झाला. नाना फाटकाजवळ उभे होते. वरून जावई येताना दिसला. आज तो पाय घासत नव्हता, चक्क पेडल मारत येत होता. वारा लागून शर्ट फुगलेला आणि तोंडावर हसू. नानांना नवल वाटलं, याला सकाळी सकाळी झालंय काय? फाटक जवळ आलं तसं त्यानं सवयीनं दोन्ही ब्रेक मुठीत आवळले, होतं नव्हतं ते सगळं बळ लावून.

मागचं चाक घसरत राहिलं. पुढचं तिथल्या तिथे गच्च. सायकलीचा मागचा भाग वर उचलला गेला आणि एवढा मोठा माणूस हँडलवरून फेकला गेला. त्यानं दोन्ही हात पुढे केले होते. ते मोडल्याचा आवाज नानांना फाटकापर्यंत ऐकू आला.

गर्दी झाली. कुणी म्हणालं ब्रेक तुटला असेल. कारखान्याचा फिटर सायकलीजवळ उकिडवा बसला. पुढच्या चाकाचा पार आठ झाला होता. त्यानं रिमवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत म्हणाला, "तुटायला काय झालंय? झकास आहे की! इतका करकरीत ब्रेक मी या आवारात बघितला नाही. ह्यानं आवळला केवढा ते बघा." कुणीतरी हसलं. जावयाच्या तोंडातून रक्ताची आणि थुंकीची तार हनुवटीवर आली होती. नाना ती बघत राहिले. खांद्यावर फडकं होतं, खिशात फडकं होतं, पण त्यांचा हात वर होईना. पुसलं ते फिटरनं, आपल्या बाहीनं.

दोन्ही मनगटं मोडली होती. वरचा ओठ शिवावा लागला, पुढचा एक दात अर्धा गेला. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बोटांची टोकं तेवढी बाहेर, फुगलेली.

आणि मग प्रश्न उभा राहिला की याचं करायचं कुणी? लेकीनं दोन दिवस रजा काढली, तिसऱ्या दिवशी मालकिणीचा निरोप आला. भरवायचं काम नानीनं घेतलं. पण आंघोळ, संडास?

"मी सासू," नानी म्हणाली. "मी कशी जाऊ न्हाणीत? त्यालाही मेल्याहून मेल्यासारखं होईल. तुमची आता दुपारची पाळी आहे, सकाळी घरीच असता. तुम्ही करा."

नाना बाजारात गेले आणि रबरी हातमोजे घेऊन आले. नानीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतले. "जावयाला मोजे घालून धुणार? तो काय गटार आहे?"

नानांनी ते केलं. कसं केलं ते त्यांनाच माहीत. पहिल्या दिवशी डोळे मिटून केलं तर साबण भलतीकडे गेला आणि जावई ओरडला, म्हणून पुढे डोळे उघडे ठेवावे लागले. ओल्या अंगाची ऊब, काखेतले केस, पाठीवरच्या पुटकुळ्यांची पांढरी तोंडं, आणि संडासातून "नाना, झालं" अशी हाक. ती हाक ऐकली की नानांच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारीच्या आधी सुटतं ते. दात घासायला बसवला की जावई तोंड उघडायचा आणि आतून आदल्या दिवशीचं सगळं जेवण नानांना भेटायचं. काम उरकलं की नाना परसात जाऊन हात धुवायचे. साबण लावायचे, धुवायचे, वास घ्यायचे, पुन्हा लावायचे. पण खरी गोष्ट अशी की त्या हातांना आता जावयाच्या अंगाहून दुसराच वास यायचा. रिम पुसली ती हेच हात. त्यांना स्वतःचीच शिसारी यायला लागली होती आणि ती धुवून जाईना.

जावई मात्र एका शब्दानं कुरकुरला नाही. उलट दिवसेंदिवस प्रसन्न दिसायला लागला. लेक कामावरून आली की तिच्याकडे टक लावून बघायचा. ती पाणी पाजायला आली तर इतक्या हळूच म्हणायचा, "दमली असशील, राहू दे." लेक बुचकळ्यात पडली. आईला म्हणाली, "डोक्याला मार लागलाय का गं यांच्या? इतके गोड कधी नव्हते." पण त्या गोडव्यानं तीही हळूहळू विरघळली. बिछाना आईजवळून हलला.

एका सकाळी नाना त्याची दाढी करत होते. जावई म्हणाला, "नाना, एक सांगू? कुणाला बोलू नका."

"हलू नका. कापेल."

"त्या दिवशी सायकल काढली ना, तर पुढचं चाक चकाचक. आरशासारखं. हिनं पुसलं होतं. बोलत नव्हती माझ्याशी, पण पहाटे उठून पुसलं. मागचं राहिलं, वेळ नसेल मिळाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू नाना, सगळा उतार पेडल मारत आलो. आणि ब्रेक दाबला नेहमीसारखा." तो थांबला. "तिला यातलं काही कळता कामा नये. तिनं मायेनं केलं आणि माझे हात मोडले, असं तिच्या जिवाला लागेल. मी सांगून टाकलंय सगळ्यांना, कुत्रं आडवं आलं."

नानांच्या हातातला वस्तरा हवेत राहिला. जावयाच्या गालावरचा फेस वाळायला लागला होता.

"नाना? राहिली ना एक बाजू."

नानांनी दुसरी बाजू केली. त्या दिवशी स्टँडवर खुर्चीवर फडकं अंथरायचं ते विसरले आणि ऊबदार खुर्चीवर तसेच बसून राहिले.

सांगावं तर दोघांचं जुळलेलं मोडायचं. न सांगावं तर लेकीच्या नावावर न केलेली माया जमा होत राहायची, आणि न केलेला गुन्हाही. नाना रोज ठरवायचे की आज बोलायचं, आणि रोज जावयाला पुसून, कपडे घालून बाहेर आणून बसवायचे.

ते फुटलं ते भलत्याच वेळी. सुट्टीचा दिवस होता. नाना बोळात पाणी पीत होते आणि खोलीतून आवाज ऐकू आला. जावयाला राहवलं नसावं.

"मला माहितेय, तूच पुसलंस," तो म्हणत होता.

"काय पुसलं?"

"चाक गं. त्या सकाळी. चिडलेली असूनसुद्धा."

"मी?" लेक म्हणाली. "मी कशाला तुमची ती घाणेरडी सायकल पुसू? हात नाही लावणार मी तिला. माझा शर्ट खराब केलात तो काय कमी झाला?"

नानांनी पेला ठेवला आणि दारात जाऊन उभे राहिले.

"मी पुसलं," ते म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. नानीही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तुम्ही?" जावयाचा चेहरा उजळला. "माझ्यासाठी, नाना?"

इथे एक हो म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. नानीचे डोळे तेच सांगत होते. पण खोटं नानांच्या तोंडात राहीना, चुळीच्या पाण्यासारखं बाहेर आलं.

"नाही. तुमच्यासाठी नाही. मला किळस आली. त्या चाकाची आली, तुमची आली. तुम्ही बोटं चाटता त्याची, नखांची, सगळ्याची येते. पेल्याला ते काळं लागलं आणि माझ्या तोंडात गेलं, म्हणून पुसलं. पुढचं पुसलं, तुम्ही उठलात म्हणून मागचं सोडलं. आणि सांगितलं नाही. तुमचे हात मी मोडले."

जावई प्लास्टरचे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. मग म्हणाला, "म्हणजे रोज न्हाऊ घालताना पण..."

"रोज," नाना म्हणाले.

"अहो, पुरे!" नानी ओरडली.

दुसऱ्या दिवशी नाना पाणी तापवून हाक मारायला गेले तर जावयानं मान हलवली. "नको नाना. माझं मी बघतो." बघणार काय? न्हाणीत बादली लाथेनं उलटी झाली, प्लास्टर भिजलं, साबण संडासात गेला. दोन दिवस तो बिनआंघोळीचा बसला आणि घरभर वास सुटला. नानांना वाटलं, ही शिक्षा नेमकी आपल्यासाठीच काढली आहे. तिसऱ्या दिवशी लेक लाँड्रीत गेली, मालकिणीशी कडाकडा भांडून सकाळची वेळ बदलून घेतली आणि परत येऊन पदर खोचला, बाह्या वर केल्या. "चला," ती नवऱ्याला म्हणाली. "मीच धुते. कुणाला किळस नको आणि कुणाचे उपकार नकोत."

त्यानंतर रोज सकाळी न्हाणीतून पाणी सांडल्याचे आवाज यायचे, मग तिचं ओरडणं, मग त्याचं हसणं, मग दोघांचंही. नाना बोळात उभे राहून ऐकायचे आणि तोंड कडू करायचे. "एवढा वेळ काय चाललंय आत?" ते नानीला विचारायचे. "किळसवाणं सगळं."

"तुम्ही स्टँडवर जा," नानी म्हणायची.

जावई नानांशी तुटक बोलायचा. हो, नाही, ठीक आहे. जेवताना बोटं चाटायला घ्यायचा, मध्येच नानांकडे बघायचा आणि बोटं खाली ठेवायचा. नानांना ते चाटण्याहून असह्य व्हायला लागलं. एकदा ते चक्क म्हणाले, "चाटा, चाटा. मी उठतो." आणि ताट घेऊन परसात गेले.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगटं काडीसारखी झाली होती. ब्रेक दाबायचं सोडा, पेला धरवत नव्हता. नानांनी स्वतःहून सायकल दुरुस्तीला नेली, पुढच्या चाकाला नवी रिम बसवून घेतली आणि मागचं चाक दुकानाच्या पायरीवर बसून स्वतः पुसलं. घरी आणून जावयासमोर उभी केली. "आता दोन्ही सारखी आहेत," म्हणाले. "बोटानं दाबा फक्त. मूठ आवळू नका." जावयानं एक बोट ठेवून ब्रेक दाबला, सायकल थांबली. पुन्हा ढकलली, पुन्हा दाबला. "हलका आहे," तो म्हणाला. एवढंच. पण तो उताराच्या माथ्यापर्यंत सायकल हातात धरून नानांबरोबर चालत आला. पुढेही बरेच दिवस तसाच येत राहिला.

स्टँडवर नानांनी एक नवं काम अंगावर घेतलं. फाटकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या रिमकडे बोट दाखवायचे. "पुसायची तर दोन्ही चाकं पुसा, नाहीतर एकालाही हात लावू नका! आणि पुसल्यावर पहिल्या दिवशी हळू दाबा!" कामगार टिंगल करायचे. कुणी म्हणायचं, "नाना, तुमच्या जावयाला सांगा!" नाना म्हणायचे, "त्याला सांगून झालं." दहा जणांत एखादा पुसायचा. बाकीचे बूट घासत यायचे आणि नाना त्यांच्या चाकांकडे बघून थुंकायचे, तेही फडक्यात.

पुढे लेकीला आणि जावयाला कालव्यापलीकडे खोली मिळाली. सामान हलवलं त्या दिवशी नानांनी बोळाची भिंत रंगवून घेतली आणि संध्याकाळी नानीला म्हणाले, "घर कसं स्वच्छ वाटतंय, नाही?" नानी आत निघून गेली.

मग एका सुट्टीच्या दिवशी दोघं लेकीकडे गेली. खोली लहान, खिडकीत एक झाड, खुर्चीवर न घडी घातलेले कपडे. नानांनी खुर्चीवर आपलं फडकं अंथरलं आणि बसले. जावयानंच चहा केला. मनगटांना कामाची सवय व्हावी म्हणून हल्ली तोच करायचा, असं लेक म्हणाली. कप नानांच्या हातात आला. चहावर सायीचा जाड, सुरकुतलेला पापुद्रा तरंगत होता. लेक आणि नानी आत बोलत होत्या. जावई पाठमोरा. नानांनी कप हळूच खिडकीकडे नेला आणि झाडाच्या कुंडीत ओतला.

वळून बघतात तर जावई बघत होता.

जावई आत गेला. नानांना वाटलं, संपलं आता, बसावं की जावं? थोड्या वेळानं तो दुसरा कप घेऊन आला. या वेळी चहा साय गाळून आणलेला होता, वर एक पापुद्राही नाही. नानांसमोर आल्यावर तो थांबला, कपाकडे निरखून पाहिलं, आणि शर्टाचं पुढचं टोक बाहेर ओढून त्यानं कपाची कड सगळ्या बाजूंनी मन लावून पुसली. शर्ट चरबीखात्यातलाच होता.

"घ्या नाना," तो म्हणाला. "आता अगदी स्वच्छ."

नानांनी शर्टाकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि चहा एका दमात पिऊन टाकला. घरी आल्या आल्या परसात गेले आणि दिवे लागेपर्यंत चुळा भरत राहिले.